सोळा अक्षरं

तांडापेठेतल्या विणकर पतसंस्थेचा सर्व्हर
मागच्या खोलीत असतो, जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यांना टेकून.
मे महिना. कूलरची खस सुकलेली,
पंप पाणी ओढत नाही, नुसता कण्हतो.

हेडाऊ साहेब म्हणाले, तशी चोरी काहीच झाली नाही.
ते खरंही होतं.
शटर शाबूत, तिजोरी शाबूत.
फक्त एका रविवारी कोणीतरी आलं,
करंगळीएवढा पेन ड्राइव्ह खोचला,
यंत्राला त्यातूनच जागं केलं
आणि आमचे सगळे पासवर्ड आत झोपलेले असताना
खातेवही उतरवून निघून गेलं.
पहारेकऱ्याशी त्याला भांडावंच लागलं नाही.
घर उठायच्या आधी तो घरात होता.

म्हणून आता सुरू होतानाच विचारायचं.
बटण दाबा, एफ-टू दाबत राहा.
निळा पडदा येतो, तिथे माउस चालत नाही,
बाणांनी एकेक ओळ खाली उतरावं लागतं.
आधी बाहेरच्या वाटा बंद केल्या,
पेन ड्राइव्ह, सीडी, नेटवर्क.
मग या पडद्यावर एक पासवर्ड.
मग सुरुवातीवर दुसरा, दोनदा लिहायचा,
पडदा नुसते तारे दाखवतो.

साहेबांना तारे फार आवडले.
"आता कोणाचा बाप येऊ दे!"
मी म्हटलं, साहेब, आत रुपयाएवढा एक सेल आहे.
तो काढून थोडा वेळ थांबलं
तर हे यंत्र घेतलेली शपथ विसरू शकतं.
साहेबांचा चेहरा उतरला.
मग इतवारीतून पेटीला कुलूप आणलं.
कुलपाची किल्ली तिजोरीत,
पासवर्ड लाख लावलेल्या पाकिटात, पाकीट तिजोरीत,
तिजोरीची किल्ली साहेबांच्या करगोट्याला,
आणि साहेब भाचीच्या लग्नाला भंडाऱ्याला.

तिसऱ्या रात्री वीज गेली.
इन्व्हर्टर वीस मिनिटं टिकला.
अडीचला डोमाजींचा फोन :
"बाई, लाइट आली, पण हा उठून नाही राहिला.
काया पडदा, त्यात एक रेघ लुकलुक करून राहिली.
मले काहीतरी विचारते. मी काय सांगू?"

सातला पिग्मीवाले येतात.
मानेवाड्याहून स्कूटी काढली,
सक्करदरा, महाल, गोळीबार चौक.
गॅस बंद केल्यावरही तवा तापलेलाच राहावा
तसा रस्ता.

डोमाजी पराते यंत्रासमोर उभे होते.
खुर्ची रिकामी होती, तरी उभे.
पाहुणा दारात आहे
आणि घरचं मोठं माणूस बाहेर गेलंय, असे.

मी बसले. काही बोलायच्या आत
ते भिंतीकडे वळले,
बाई लुगडं बदलत असताना पुरुषाने वळावं तसे.
भिंतीवर काही नव्हतं. खिळासुद्धा नव्हता.
ते बघत राहिले.

मी टाइप केलं. एंटर.
पंखे एकदम घोंगावले, हिरवा दिवा लागला,
ओळींवर ओळी वर सरकू लागल्या.

"सोळा अक्षरं हायेत," ते भिंतीलाच म्हणाले.
"अकराव्यावर तुमचा हात अडखळते."

तीस वर्षं माग चालवलाय या माणसाने.
तांडापेठेत घरोघरी माग होते तेव्हा
एवढ्या खडखडाटात आपल्या धोट्याचा आवाज
वेगळा काढायचा, आणि त्यावरून,
डोळे मिटूनसुद्धा,
फणीत धागा तुटल्याचं ओळखायचा.

अकरावं अक्षर मोठं आहे.
शिफ्ट धरावी लागते.
हे पाकिटात लिहिलंय. मी कोणाला बोलले नव्हते.

"डोमाजी," मी म्हटलं, "बदलून टाकू का?"

"मले काहून विचारता, बाई?
मी तर भित पाहून राहिलो."

आणि खरंच, अजून
त्यांनी तोंड वळवलं नव्हतं.